खिडकी नसलेली खोली

"डोंगर दिसणारी खोली देऊ की मागची?" बुकिंगवाल्या मुलीने विचारलं.

"मागची," ड्रायव्हर म्हणाला.

"मागच्या खोलीला खिडकी नाही, काका. भिंतीपलीकडे हॉटेलचं स्वयंपाकघर आहे."

"फरक किती?"

"निम्म्या भाड्यात मिळेल."

"मग मागचीच."

ड्रायव्हर गेल्या वर्षी साठ पूर्ण करून शहर बसच्या नोकरीतून निवृत्त झाला होता, पण गल्लीत त्याला अजून सगळे ड्रायव्हरच म्हणत. खिशातल्या पाकिटात बायकोचे पैसे होते. शाळेच्या सभागृहातल्या खुर्च्या नव्याने वेताने विणण्याचं काम तिने दोन हिवाळे केलं होतं. दोघांचा प्रवास, राहणं आणि बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबिल गाडीची फेरी, सगळं त्यातच बसवायचं होतं.

लग्नाच्या वर्षी रेडिओवर स्नोमोबिलच्या शर्यतीचं वर्णन लागलं होतं. ते ऐकून ती म्हणाली होती, "आपण एकदा हे करायचं." तो "करू" म्हणाला होता. त्याला एकतीस वर्षं झाली.

"दिवसाची बस घ्या," मुलगी म्हणाली. "घाट फार सुंदर आहे."

"रात्रीची स्वस्त पडेल ना?"

"हो. फोटोंचं पॅकेज?"

"नको."

"गॉगल दोन लिहिते. बर्फाची चकाकी फार असते."

"एकच लिहा."

मुलीने पेन थांबवलं. "काकू रागावतील हो."

"नाही रागावणार."

"बरं. गाडी कड्याच्या वाटेने फिरवायची की पठारावर? पठार सगळ्यात स्वस्त, पण तिथे बघायला काही नाही. नुसतं पांढरं."

"आदळण्यासारखं काही?"

"आदळायलासुद्धा काही नाही."

"मग पठार."

"शेवटचं. चालवणाऱ्याचं वय? साठीच्या पुढे स्नोमोबिलचा मालक गाडी देत नाही."

"एकोणसाठ," तो न अडखळता म्हणाला. "साठी यायला दोन महिने आहेत."

मुलीने त्याच्या पांढऱ्या मिशीकडे एकदा पाहिलं आणि सांगितलं ते लिहून घेतलं.

"नवशिक्याला गाडी द्यायची की नाही, ते मालकच ठरवतो," तिने नंबर दिला. "एकदा बोलून घ्या."

ड्रायव्हर फुटपाथवर उभा राहून बराच वेळ बोलला.

"मागे कोण बसणार?" शेवटी मालकाने विचारलं.

त्याने सांगितलं.

"या तर खरं. मी आधी तपासणार. पटलं नाही तर गाडी देणार नाही आणि पैसेही परत मिळणार नाहीत. चालेल?"

"चालेल," ड्रायव्हर म्हणाला.

घरी बायको खुर्चीची बैठक विणत होती. त्याने माहितीपत्रक पुढे केलं. तिने कागदावरून अंगठा फिरवून ते परत दिलं.

"तुम्हीच वाचा. माझे हात अडकलेत."

त्याने वाचलं. मागच्या खोलीबद्दल सांगताना जरा चाचरला.

"स्वयंपाकघराची भिंत?" ती म्हणाली. "अहो, मग ती रात्रभर उबदार असेल. पलंग तिकडेच सरकवू."

रविवारी तिचा धाकटा भाऊ आला. तो शीतगृहात हमाल होता. तिथले दोन जाड कोट आणि बूट त्याने तीन दिवसांसाठी मागून आणले होते. स्वयंपाकघरातल्या बाकाला जुन्या सायकलचं हँडल बांधलेलं पाहून तो थबकला.

"दाजी, बस काढून घेतली म्हणून आता बाक चालवता?"

"बाकाला डिझेल लागत नाही," ड्रायव्हर म्हणाला.

रोज तासभर सराव चाले. उजव्या अंगठ्याखाली वेग वाढवणारा थ्रॉटल, डाव्या मुठीत ब्रेक. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून खुणा ठरल्या. मागच्याने पुढच्याच्या डाव्या खांद्यावर थाप मारली की डावीकडे, उजव्यावर मारली की उजवीकडे. दोन्हींवर एकदम म्हणजे पुढे मोकळं आहे, सोड. मागच्याच्या मनगटाला दोरी असणार होती. ती ओढली की इंजिन बंद.

पठार खरंच नुसतं पांढरं होतं. कोट, बूट, हेल्मेट चढवून दोघं गाठोड्यांसारखी गाडीवर बसली. मालक सावकाश गाडीभोवती फिरला.

"ब्रेक?"

हातमोजा थेट ब्रेकवर गेला.

"थ्रॉटल?"

अंगठा अचूक टेकला.

"दोरी?"

मागचं मनगट वर झालं.

मालकाने दोरीची गाठ तपासली. लांबून वाऱ्याचा आवाज येत होता. एकतीस वर्षं, दोन हिवाळ्यांचं विणकाम, सगळं त्याच्या एका शब्दावर अडलं होतं.

"एक फेरी," तो म्हणाला. "सांभाळून."

गाडीने गचका खाल्ला आणि ती बंद पडली. मालकाने मान हलवली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा गचका बसला, पण या वेळी निघाली. डाव्या खांद्यावर थाप पडली, गाडी डावीकडे वळली. उजव्यावर पडली, उजवीकडे वळली. वळण बसच्या वळणासारखं ऐसपैस होतं.

मग दोन्ही खांद्यांवर एकदम थाप पडली.

गाडी सुटली. मागे बर्फाचा फवारा माणसाच्या उंचीएवढा उडाला. हेल्मेटच्या आतून कुणीतरी मोठमोठ्याने हसत होतं, ते इंजिनाच्या आवाजातही मालकापर्यंत पोचलं. फेरी संपताना त्याने हाताने खूण केली, अजून एक. मग अजून एक. तिसरीचे पैसे त्याने लावलेच नाहीत.

गाडी त्याच्या पुढ्यात येऊन अलगद थांबली.

"सावकाश उतरा," मालक म्हणाला. "पाय बधिर झाले असतील."

ड्रायव्हरने मनगटाची दोरी सोडली, गॉगल काढून डोळे पुसले. मग कोटाच्या आतून घडीची पांढरी काठी काढून ती झटक्यात उघडली आणि पुढच्या सीटवरून उतरणाऱ्या बायकोच्या हातात दिली.