पाण्यातलं धुरांडं

"मी ड्युटीवरून येईस्तोवर मेणबत्ती विझू द्यायची नाय हां, बर्नाडेट," इनास गिरणीत जाताना रोज बजावायचा. गिरणीच्या वसाहतीतली रीतच होती ती. नवरा शिफ्टला गेला की बाईनं वसाहतीतल्या क्रूसापुढं मेणबत्ती लावायची, तो परतला की त्यानं फुंकायची.

एके दिवशी इनास गेला तो आलाच नाही. बत्तीस वर्षं बर्नाडेट मेणबत्ती लावतच होती, आता ठाकुर्लीच्या फ्लॅटमध्ये.

आज नेविलनं, तिच्या लेकानं, तिला रिक्षात घालून मुद्दाम इथं आणलं होतं. गिरणी जमीनदोस्त झालेली. वसाहतीतला क्रूस तेवढा उभा, आणि त्यामागं खाडीकाठचं तिवरांचं जंगल.

"बघ मम्मी, धुरांडंपण पाडलं. पप्पा कुठनं येणार आता? बस कर ना हे."

बर्नाडेट तिवरांतल्या साचल्या पाण्याकडं बघत होती. पाण्यात धुरांडं उभं होतं.

नेविलनं वर पाहिलं. नुसतं आभाळ. पुन्हा खाली पाहिलं आणि त्यानं आईचा दंड घट्ट धरला. पाण्यातल्या धुरांड्यातून धूर निघत होता.

"मम्मी, चल इथनं."

"तू बस जा रिक्षात. तुझ्या बापाला शब्द मी दिलाय."

पाण्यात गिरणीचं फाटक उघडलं. डबे घेतलेली माणसं बाहेर पडली नि पांगली. एकजण मात्र पाण्यातल्या क्रूसापुढं थांबला. तिथं मेणबत्ती नव्हती. तो इकडंतिकडं बघू लागला.

बर्नाडेटनं हळूच दंड सोडवून घेतला, पिशवीतली मेणबत्ती काढली आणि ती क्रूसाकडं चालू लागली.