शहाण्णव हजार नऊशे

"एक सांगा इसाओसान, ही गाडी अजून किती चालवायचीय?" बॉनेटखालून डोकं बाहेर काढत कादोवाकीने विचारलं.

प्रश्न साधाच होता. दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी आली, की काकेयातल्या या एकुलत्या एका गॅरेजात प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाला तो विचारला जायचा.

"काटा शहाण्णव हजार नऊशेवर आलाय," कादोवाकी हात पुसत म्हणाला. "टायमिंग बेल्टचं आयुष्य लाख किलोमीटरचं. गाडी मोडीत काढणार असाल तर उगाच खर्च नको. लाखापर्यंत ओढा नि द्या सोडून. पण ठेवणार असाल तर आत्ताच बदलू. हा बेल्ट कुरकुरत नाही, इशारा देत नाही. चालता चालता एक दिवस तुटतो, आणि इंजिनचा खेळ खलास."

इसाओची बायको फुमिए तीन हातांवर, भिंतीलगतच्या बाकावर बसली होती. कादोवाकीच्या बायकोने चहाबरोबर ठेवलेलं हिरवट संत्रं ती सावकाश सोलत होती. सगळं तिच्या कानावर जात होतं.

इझुमोचं इस्पितळ जाऊन-येऊन शहात्तर किलोमीटर. आठवड्यातून दोनदा. गाडी आता तेवढ्याचसाठी बाहेर निघायची. अकरा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी इसाओला एकट्याला आत बोलावलं होतं. फेब्रुवारी संपेपर्यंत, म्हणाले, त्यापुढची आशा धरू नका. फुमिएला मात्र पोटात व्रण आहे एवढंच सांगायचं ठरलं. असलं दुखणं घरच्यांना सांगतात, दुखणेकऱ्याला नाही. इसाओच्या आईच्या वेळीही तसंच झालं होतं. फेब्रुवारीअखेरपर्यंत वीस आठवडे. म्हणजे तीन हजार चाळीस किलोमीटर. जुना बेल्ट पुरत होता. वर साठ किलोमीटर शिल्लक राहत होते.

त्या दिवसापासून इसाओला काहीच होत नव्हतं. रडू नाही, भूक नाही, राग नाही. फार वेळ गुडघे मोडून बसलं की पाय जसा आपला वाटत नाही, तसं आतलं सगळंच परकं झालं होतं. ते वीस आठवडेसुद्धा त्याला दुसऱ्याच कुणाचे वाटले. एवढं मात्र त्याला कळत होतं, की 'राहू दे, नको बदलूस' म्हटलं तर फुमिए ते ऐकेल. आणि ऐकल्या गोष्टीचा अर्थ लावण्यात ती त्याच्यापेक्षा कधीही वरचढ होती.

"बदलून टाक," तो म्हणाला. "पाण्याचा पंपही नवाच घाल. जे जे जुनं झालंय ते सगळं बदल."

कादोवाकी त्याच्याकडे बघतच राहिला. "आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा? वहिनी, ऐकलंत ना? टायर पार गुळगुळीत झाले तरी वर्षभर 'बघू, बघू' करत होते ते हेच ना?"

फुमिएचे हात थांबले. "ह्यांचा सगळा जन्म तहान लागल्यावर विहीर खणण्यात गेला," ती म्हणाली. "दाढ दुखली तर ती पडेपर्यंत वाट बघतील. आज काय झालं हो तुम्हाला?"

"काही नाही. कधीतरी बदलायचाच आहे, तर..."

वाक्य पुढे सरकेना. इसाओ इंजिनकडेच बघत राहिला. खोटं बोलायला निदान चेहऱ्याची तरी साथ लागते, आणि त्याचा चेहरा अकरा दिवस रजेवर होता.

फुमिएने त्याच्याकडे पाहिलं. चांगला बराच वेळ पाहिलं. मग संत्र्याची उरलेली साल काढली, रुमालात ठेवली, आणि नवऱ्याला पुढे काही न विचारता ती कादोवाकीकडे वळली.

"नवा किती टिकतो?"

"पुन्हा एक लाख. तुम्ही आठ वर्षांत एवढी चालवलीत. म्हणजे अजून आठ वर्षं बघायला नको."

"आठ." तिने मनाशी मोजलं. "म्हणजे हे सत्तरीला पोचतील. पुरे झालं तेवढं. त्यापुढे ह्यांनी गाडी चालवूच नये."

इसाओने मान वर केली. तिने एकाच माणसाचं वय मोजलं होतं. अकरा दिवसांत पहिल्यांदाच त्याला काहीतरी दुखलं. फुमिए संत्र्याच्या फोडी वेगळ्या करत होती.

कादोवाकीला यातलं काही कळलं नाही. मोठं काम मिळाल्याच्या खुशीत तो पाने शोधायला लागला होता.

"ठरलं तर मग," तो म्हणाला. "परवा संध्याकाळी घेऊन जा. बदलला की इथे बॉनेटखाली एक चिठ्ठी डकवून ठेवतो. पुढचा बेल्ट किती किलोमीटरला, ते लिहून. म्हणजे विसरायला नको."

"मोठ्या अक्षरात लिहा," फुमिए म्हणाली. "ह्यांना चष्मा सापडणार नाही."