प्रायमरचा दुसरा हात

स्वयंपाकघरात झाकण पडलं, आणि गाडीशी वाकलेल्या दोघीही दचकल्या.

"मांजर असेल," आई म्हणाली. मग दोघींनाही हसू फुटलं.

लेक पुन्हा पॉलिश पेपर घासू लागली. गाडी वडिलांची. ते गेल्यापासून शेडमध्येच उभी. दाराखालच्या पट्टीवर रंगाचे नुसते फुगवटे दिसत होते, पण दाबलं तर बोट आरपार जात होतं. त्या भोकावर दोघींनी पत्र्याचा तुकडा बसवला होता, वरून लांबीचा लगदा भरला होता. वडील पत्र्याची कामं करायचे. आई त्यांच्या हाताखाली सगळं शिकली होती.

"हळू. उरला गंज तर लांबी फोडून वर येतो तो."

"तुझ्यासारखाच चिवट."

"म्हणून तर तुझे बाबा टिकले माझ्याजवळ."

सोमवारी ही गाडी घेऊन ती निघणार होती. दूरच्या एका गावात नोकरी मिळाली होती. आजारी माणसांची त्यांच्या घरी जाऊन शुश्रूषा करायची, आणि स्वतःची गाडी हवी, ही अट. नवऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. ऑफिसला जाताना तो दाराला बाहेरून कुलूप लावायचा आणि त्याला काळजी म्हणायचा.

माहेरी यायला निमित्त झालं आईच्या गुडघ्याचं. तेही आईनंच काढलं. जावयाला फोन करून अशी कण्हली, की तो स्वतः तिला आणि पोरीला आणून सोडून गेला. पाच वर्षांच्या भिंगरीला तर काहीच सांगितलं नव्हतं. पोरीच्या तोंडात तीळ भिजत नाही.

खरं तर गुरुवारीच निघायचं होतं. पण आईनं नखानं लांबी टोकरून पाहिली आणि मान हलवली. "कच्ची आहे गं. लेकरू घेऊन जायचंय तुला."

आता पट्टी हाताला गुळगुळीत लागत होती. तिनं प्रायमरचा पहिला हात मारला.

"तिथे तुझं आहे कोण?" आईनं विचारलं.

"कोणी नाही. तेच तर बरं."

तिच्या कपाळावर आलेली बट आईनं मनगटानं मागे सारली. बोटं प्रायमरनं राखाडी झाली होती.

"आई, तू नसतीस तर..."

"पुरे. हात चालव."

ती मागे सरून बघत राहिली. राखाडी पट्टा सरळ, एकसारखा दिसत होता. अचानक तिला सोमवार फार लांब वाटला.

"आई, सोमवारपर्यंत नाही थांबत. हे वाळलं की आज संध्याकाळीच निघते. रंग तिकडे देईन."

"आजच?"

"धीर सुटण्याआधी."

आई गुडघ्यावर हात टेकत उठली. "मग दुसरा हात मारून घे. एका हातावर भरवसा ठेवू नये. मी चहा टाकते."

चहाला बराच वेळ लागला. आला तो निवलेलाच. तिनं हसून तसाच पिऊन टाकला. आई शेजारी येऊन बसली, ब्रश तिच्या हातातून घेतला आणि राहिलेला कोपरा स्वतः भरू लागली, फार सावकाश, बाळाचं अंग पुसावं तशी.

"गरम कपडे घेतलेस ना पोरीचे?"

"घेतले."

"आणि तुझे?"

"माझं काय गं एवढं!"

आईचा ब्रश थबकला, मग पुन्हा चालू लागला.

फाटकाशी एक गाडी थांबली. अंगणात खेळणारी भिंगरी तिकडे पळाली आणि तशीच धापा टाकत शेडमध्ये आली.

"आई, बाबा आलेत!"

ती ताडकन उठली.

"बाबा विचारतायत, संध्याकाळी आपण कुठे चाललोय?"

तिनं आईकडे पाहिलं. आई खाली मान घालून, भरून झालेल्या कोपऱ्यावरूनच ब्रश फिरवत होती.

भिंगरीनं तिचा हात ओढला. "सांग ना, आई. कुठे चाललोय आपण?"