राखीव जागा

"काका, तुमच्या डोक्यात जागा भरपूर आहे," चिप तपासणारी नसरीन पडद्याकडे बघत म्हणाली.

"बायकोही असंच म्हणायची असेल," मोरेश्वर म्हणाले. "पण तेच तर आठवत नाही."

त्यांची बायको कुमुद गेली तेव्हा तिच्या आठवणी विरून जातील, या भीतीने त्यांनी त्या डोक्यातल्या चिपमध्ये राखीव करून घेतल्या होत्या. आता भिंतीवरच्या फोटोतली बाई आपली बायको, हे त्यांना मुलीने सांगितलं म्हणून माहीत होतं.

"सकाळी आधी चिप जागी होते, मग तुम्ही," नसरीन म्हणाली. "मनाला कुठली जागा वापरू द्यायची ते चिपच ठरवते. राखीव जागा ती देत नाही. म्हणून तिथलं काही पुसलं जात नाही."

"पण मलाही बघता येऊ नये?"

"तुमच्यापासूनच तर जपायचं होतं ना, काका."

"आणि ती जागा मोकळी केली तर?"

"उद्या सगळं आठवेल. मग चारचौघांसारखं हळूहळू विसराल. पुन्हा राखीव करता येणार नाही."

"कर मोकळी," ते म्हणाले. "विसरायला तरी काही असू दे."

दुसऱ्या दिवशी उकाड्यानेच त्यांना जाग आली. डोळे उघडायच्या आधी कुमुदची कुरकुर आठवली. "अहो, तो पंखा बंद करा की. गारठले मी."

त्यांनी उठून पंखा बंद केला आणि पलंगावर आपल्या बाजूला पुन्हा आडवे झाले.