दुपारचा गजर

मागच्या तपासणीत आत गेलेला, डायलेटरच्या कांडीवरचा खोली दाखवणारा ठिपका आज बाहेरच राहिला होता. इव्हेट नर्सने डायलेटर पुसून ट्रेमध्ये ठेवला, हातमोजे काढले आणि चादर डॅरिनाच्या गुडघ्यांवर नीट ओढली. डॅरिनाची आई ओरिसिया कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. नर्ससाठी आणलेला पेरोगींचा, बटाट्याच्या उकडलेल्या करंज्यांचा, डबा अजून तिच्या मांडीवरच होता.

“डायलेटरच्या वेळा चुकवतेस तू,” नर्स म्हणाली. “आणि कुत्र्याने पळवला असं सांगू नकोस. ते कारण एकीने आधीच वापरलंय.”

डॅरिना हसली, पण ते हसू टिकले नाही. “सकाळी करते, रात्री करते. दुपारचा गजर ऐकूच येत नाही. दुखण्याच्या गोळ्यांनी मेल्यासारखी झोप लागते.”

“अगं, तुझ्या शरीराला हा नवा योनिमार्ग म्हणजे जखमच वाटते. ते ती बुजवायला टपलेलं असतं. डायलेटर ठरल्या वेळी आत ठेवायचा तो त्याला बजावायला, की बाबा रे, हे आता असंच राहणार आहे. आणखी आक्रसलं तर पुन्हा ऑपरेशन. आणि ते पहिल्यासारखं होईल, याची हमी सस्कटून शहरातलाच काय, कुठलाच सर्जन देणार नाही.”

डॅरिना छताकडे पाहत राहिली. “चूक माझीच. सगळे मला मुलगा म्हणत होते तेव्हापासून या एका गोष्टीची आस धरली. आणि मिळाल्यावर काय केलं, तर झोपा काढल्या.”

ओरिसियाने डब्याचे झाकण उगीचच दाबले. ते आधीच घट्ट बसलेले होते.

“तुम्ही असता ना घरी?” नर्स तिच्याकडे वळली. “मग गजराच्या भरवशावर राहू नका. तुम्हीच उठवत जा हिला.”

ओरिसियाची मान होकारासाठी हललीही होती. तेवढा होकार पुरेसा होता. सारा दोष गोळ्यांच्या आणि मुलीच्या माथी कायमचा राहिला असता. मान मध्येच थांबली.

“गजर वाजतो,” ती म्हणाली. “मी बंद करते.”

डॅरिनाने मान वळवली.

“तू कण्हायचीस गं. भिंतीपलीकडून मला ऐकवायचं नाही. वाटायचं, एक दुपार तरी पोरीला निजू दे.”

“एक दुपार?”

“रोजच.”

“कण्हत मी होते ना, आई? मग सहन तुला का होत नव्हतं?” डॅरिना कोपरांवर रेलून उठली. तिचा आवाज चढला नव्हता. “खरं सांग. हे बुजावं, असं वाटत होतं तुला?”

नर्स बेसिनकडे वळली आणि धुतलेलेच हात पुन्हा धुऊ लागली.

‘नाही’ हा शब्द ओरिसियाच्या ओठांवर तयार होता. तो खोटा नव्हता. परंतु तो पूर्ण खरा आहे, याची खात्री तिच्यापाशी नव्हती. निजलेल्या मुलीच्या उशाशी वाकताना तिला दया येत असे, एवढे तिला ठाऊक होते. त्या दयेच्या आड आणखी काय उभे असे, हे तिने कधी निरखून पाहिले नव्हते.

“कीव यायची, बाळा,” ती म्हणाली. “पण शपथ घालशील, तर नुसती कीवच यायची, असं नाही म्हणवत मला.”

नर्सने पाण्याचा नळ बंद केला आणि तपासणीच्या टेबलाखालची पायरी पुढे सरकवली. डॅरिनाला अजून आधाराशिवाय उतरता येत नव्हते. ओरिसिया उठली आणि तिने हात पुढे केला. डॅरिनाने तो धरला; अंगाचा भार मात्र टेबलाच्या कडेवर टाकला.