सज्जन मार्ग

कोर्टाने खेळायला लावलेला गेम संपला, तेव्हा शाल्मलीने हातातला रिमोट खाली ठेवला. सहा वर्षांची इरा आईकडे राहणार की बापाकडे, हे आता या गेमवरूनच ठरायचं होतं.

शाल्मलीने आयुष्यात कधी गेम खेळला नव्हता. पडद्यावर एक दरोडेखोर छोट्या मुलीवर धावून आला, तसा तिने हातातला भाला मारला. दरोडेखोर मेला.

तिचा नवरा हर्षद गेम खेळतच मोठा झालेला. त्याने आपल्या डावात त्याच दरोडेखोराला क्षमा केली, पाणीही पाजलं. मुलगी मेली, पण हर्षदच्या हातून हत्या झाली नाही.

"तुम्ही दुष्ट मार्ग निवडलात," न्यायाधीश बाई शाल्मलीला म्हणाल्या.

"पण पोर वाचली ना, मॅडम! हा घरी इराला पट्ट्याने मारतो. तिला विचारा तरी!"

"घरचं कुणीही काहीही सांगतं. गेममध्ये माणूस खोटं वागत नाही."

हर्षदने सगळ्यांना नमस्कार केला आणि इराकडे हात पुढे केला. तिने चटकन दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

"लाजते हो," तो म्हणाला.

न्यायाधीश बाई कौतुकाने हसल्या.