थोरल्यांचा निवाडा

"डोळे मिटले होते की उघडे?" थोरल्यांनी विचारलं.

"उघडेच. हातात कात्री होती ना! मिटून कसं चालेल?"

खिडकीला नाकं लावून उभी असलेली गर्दी फिसकन हसली. सासूबाईंनी दारातून डोळे वटारले, तशी चिडीचूप झाली.

थोरले म्हणजे धर्मपीठाचे मुख्य. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आज ते दुकानातल्या केस कापायच्या खुर्चीवर बसले होते आणि दुकानाची मालकीण समोर स्टुलावर. वस्तीत सगळे तिला कात्रीताई म्हणत. तिला मानाने पीठावर न्यायचं की भोंदू ठरवायचं, याचा आज निकाल होता.

"काय दिसलं?"

"दिसलं असं काही नाही. एका म्हातारबाबांचे मानेवरचे केस कापत होते. आणि एकदम... मी, ते, त्यांची मान, रस्त्यावरचा गलका, वेगवेगळं काही उरलंच नाही. इतकं बरं वाटलं, की वाटलं, आता कुणाचंच काही वाईट व्हायचं नाही. मग कात्री हातातून पडली."

"आधी प्रकाश दिसतो, मग नाद ऐकू येतो," थोरल्यांसोबत आलेले पंडित ग्रंथ चाळत म्हणाले. "हिला दोन्ही नाही."

घोटाळा केला तो म्हातारबाबांनी. खुर्चीतून उठले ते दुखरी मान मोकळी झाली म्हणतच, आणि वस्तीभर सांगत सुटले. तेव्हापासून दुकानात केस कापायला कुणी येईना, जो तो डोक्यावर हात ठेवून घ्यायला येऊ लागला. सासूबाई रांग लावू लागल्या. नवरा बसड्रायव्हर, कुणाच्या बापाला न भिणारा, तो बायकोला अहो-जाहो करू लागला. सारं जग तिला आई म्हणू लागलं आणि पोटची पोर मात्र जवळ यायला बिचकू लागली.

तरी कात्रीताईला मान नको होता. आपल्याला जे झालं ते खरं होतं, एवढंच कुणी जाणत्याने सांगावं, म्हणून ती या दिवसाची वाट पाहत होती.

"पुन्हा कधी झालं?" थोरल्यांनी विचारलं.

"झालं. भांडी घासताना, एकदा पोरीला निजवताना."

"लोक यायला लागले त्याच्या आधी की नंतर?"

ती थबकली. "आधीच. नंतर नाही झालं."

थोरल्यांनी मान हलवली. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "पाणी वेगळं लागायचं?"

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. हे ती कुणाजवळ बोलली नव्हती. "गोड लागायचं."

पंडित गोंधळून पानं उलटू लागले. तिचा जीव मात्र भांड्यात पडला. यांना कळलंय, सगळं कळलंय.

थोरले उठून दारात गेले.

"ही बाई दमलेली आहे," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "दिवसभर उभ्याने काम, पोटात अन्न नाही, म्हणून भोवळ आली. ढोंग नाही, पण चमत्कारही नाही. ज्याचे केस वाढले असतील त्यानेच या दारात यावं."

"आणि मी रजा टाकून आलो!" कुणीतरी कुरकुरलं. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. बघता बघता रस्ता मोकळा झाला. नवरा आत आला, जरा घुटमळला आणि म्हणाला, "अगं, खरंच काही खाल्लं नाहीस का?" पोर धावत येऊन आईच्या कमरेला बिलगली.

कात्रीताईने तिला जवळ घेतलं. पंडित गाडीकडे गेल्यावर ती पोरीला घेऊनच थोरल्यांच्या आडवी आली.

"तुम्हाला ठाऊक होतं. ग्रंथात नाही तेही ठाऊक होतं. मग सगळ्यांदेखत खोटं का बोललात?"

बाहेर एकजण त्यांच्यासाठी छत्री उघडून उभा होता, दुसरा गाडीचं दार धरून. थोरल्यांनी हळूच पोरीच्या केसांवरून हात फिरवला.

"मी तुझ्याच वयाचा होतो," ते म्हणाले. "घड्याळं दुरुस्त करायचो. माझ्यासाठी असं खोटं बोलायला कुणीच आलं नाही."